२ टीबी फोटो-व्हिडिओ २५ वर्षं ऑफलाइन जपायचे आहेत. हार्डडिस्क, एसएसडी की ब्लू-रे?

एसएसडी आणि पेनड्राइव्ह आधी बाद करा. वीज न देता कपाटात पडून राहिले की त्यांतला चार्ज हळूहळू गळतो. पुरेपूर वापरून झालेल्या घरगुती एसएसडीनं बिनविजेचा ३० अंशांत १ वर्ष डेटा धरावा, जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेचं मानक एवढंच मागतं. नवी जास्त टिकेल, पण २५ वर्षांचा भरवसा तिच्यावर टाकू नये.

राहिल्या हार्डडिस्क आणि ब्लू-रे. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीसारखीच, पण जास्त मावणारी डिस्क. "अशा डिस्कचा जमाना गेला ना?" असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य मी दादाकडून दहा वर्षं ऐकलं, म्हणून लिहायला बसलो.

आमचे बाबा जाखडीचे, म्हणजे कोकणातल्या नाच-गाण्याचे शाहीर, तुरा पक्षाचे. त्यांच्या कॅसेट आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ मी २०१० साली १४ डीव्हीडींवर उतरवले. दादा म्हणाला, "कशाला हा पसारा? एका हार्डडिस्कमध्ये सगळं मावतं." तीही घेतली. दोन्ही चिपळूणच्या घरी, तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर कपाट पहारीनं उघडावं लागलं, आत सगळा गाळ.

हार्डडिस्कच्या झाकणाला बारीक भोक असतं, आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. डेटा काढून देणाऱ्यानं ती उघडून दाखवली, तबकडीवर तांबड्या गाळाचं पूट होतं. डीव्हीडीचा थर मात्र ०.६ मिमीच्या दोन चकत्यांमध्ये बंद असतो. वहिनी आणि मी त्या स्वच्छ पाण्यात विसळल्या, मधून कडेकडे सरळ पुसल्या (गोल पुसल्या तर चरा ट्रॅकच्या दिशेनं जातो आणि डिस्क वाचत नाही), पंचावर वाळवल्या. १४ पैकी ११ चालल्या. पहिल्याच डिस्कवर बाबांचा गण लागला, मागे ढोलकी, मध्येच त्यांचा खोकला. वहिनी पंचा हातात धरून तशीच उभी राहिली. दादा दारात उभा राहून ऐकत होता, बोलला काही नाही. आठवडाभरानं म्हणाला, "नशीब."

नशीब नव्हतं. गेलेल्या तिन्ही डिस्क बिननावाच्या, स्वस्तातल्या होत्या आणि कडेला आधीच फिक्या पडल्या होत्या. म्हणून ब्लू-रे घ्याल तर एम-डिस्क किंवा एचटीएल प्रकारचीच घ्या, त्यांचा थर असेंद्रिय असतो. एलटीएच प्रकारची नको, तिच्यात फिकं पडणारं सेंद्रिय रंगद्रव्यच असतं.

आता तुमचे २ टीबी. २५ जीबीच्या ८० डिस्क लिहीत बसणं कोणाला जमत नाही, हे मान्य. शिवाय सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे डिस्कबरोबर एक जादा रायटरही घेऊन ठेवा. सगळा डेटा वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्डडिस्कवर ठेवा, दर सहा महिन्यांनी चालू करून एसएचए-२५६ ची यादी (प्रत्येक फाइलचा ठसा-आकडा, फाइल जराही बिघडली की तो बदलतो) ताडून बघा. पुन्हा मिळणार नाही तेवढंच ब्लू-रेवरही घ्या. (हीलियमवाल्या मोठ्या हार्डडिस्कना ते भोक नसतं, पण म्हणून त्या पाण्यात ठेवायच्या नाहीत.)

आणि एक संच दुसऱ्या गावात हवा. माझा ताईकडे कराडला आहे. दादाला हे अजून पटत नाही. त्याचं म्हणणं, पूर काय रोज येतो? दादा, २००५ लाही आला होता.