एकाच राज्यातले दोन दावेदार : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी अमेरिकेतल्या प्रायमरीबद्दल (पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षातलीच निवडणूक) लिहिताना मी म्हटलं होतं की एकाच राज्यातून दोन जण प्रेसिडेंटपदाच्या शर्यतीत उतरले की सगळ्यात आधी पंचाईत होते ती त्या राज्यातल्या त्यांच्याच माणसांची. त्यावर बरेच प्रश्न आले, काही खूप चांगले होते, जमतील तेवढे आज घेतो.

प्रश्न (पुणे) : आपल्याकडे तिकीट वरून ठरतं. तिकडे एकाच पक्षाचे लोक एकमेकांविरुद्ध लढतात ते कशासाठी, आणि होम स्टेटचं एवढं कौतुक का?

तिकडे पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात, राज्याराज्यात प्रायमरी किंवा कॉकस (मतदारांच्या सभा) होतात आणि प्रत्येक राज्यातून डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मिळतात. २०१६ ला रिपब्लिकन पक्षात १,२३७ डेलिगेट मिळवणारा उमेदवार होणार होता. होम स्टेटचं म्हणाल तर तिथे तुमची माणसं आधीपासून असतात. देणगीदार, आमदार, काउंटीतले (म्हणजे जिल्ह्यातले) कार्यकर्ते, सगळे. शिवाय तुम्हाला सगळ्यात जवळून ओळखणारे लोकच मत देत नसतील तर बाकीच्या राज्यांनी का द्यावं, हा प्रश्न पत्रकार रोज विचारतात आणि त्याला उत्तर नसतं.

प्रश्न (कोल्हापूर) : २०१६ ला जेब बुश आणि मार्को रुबियो दोघंही फ्लोरिडाचे. त्यांची मतं फुटली म्हणून ट्रम्प तिथे जिंकले असं वाचलं, खरंय का?

नाही, हे मला मनापासून खोडून काढायचंय कारण हे सगळीकडे असंच सांगितलं जातं. १५ मार्च २०१६ ला फ्लोरिडाची प्रायमरी झाली, त्यात ट्रम्पना जवळपास १० लाख ८० हजार मतं पडली, ४५.७ टक्के. रुबियोंना ६ लाख ३८ हजारांच्या वर, म्हणजे २७ टक्के. जेब तोपर्यंत शर्यतीतून बाहेर पडले होते पण बॅलटवर नाव तसंच होतं, त्यांना ४३ हजारांच्या आसपास. आता बेरीज करून बघा, दोघांची मिळून सुद्धा ट्रम्पच्या जवळपास जात नाही. म्हणजे मतमोजणीच्या दिवशी मतं फुटली म्हणून हरले असं नाहीच, जे व्हायचं ते आधीच्या वर्षभरात होऊन गेलं होतं.

काय झालं ते बघा. जेब १९९९ ते २००७ फ्लोरिडाचे गव्हर्नर, आणि त्याच काळात रुबियो विधानसभेत वर येत होते. २००५ ला रुबियो पुढचे स्पीकर होणार हे ठरलं तेव्हा राजधानी टॅलाहासीत सभागृहातच कार्यक्रम झाला आणि गव्हर्नर जेबनी भर सभेत त्यांच्या हातात एक तलवार दिली, एका काल्पनिक योद्ध्याची म्हणून, की तत्त्वासाठी लढणाऱ्याची ही तलवार आता तुझ्याकडे. रुबियोंनी ती आपल्या ऑफिसमध्ये लावली होती. दोघांची घरंही एकाच काउंटीत, जेब कोरल गेबल्सला आणि रुबियो वेस्ट मायामीला. म्हणजे गुरू-शिष्य म्हणा, काका-पुतण्या म्हणा, नातं त्या प्रकारचं होतं आणि मायामीतल्या रिपब्लिकन मंडळींनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मग १३ एप्रिल २०१५ ला रुबियोंनी मायामीच्या फ्रीडम टॉवरमधून उमेदवारी जाहीर केली आणि १५ जूनला जेबनी मायामीच्याच एका कॉलेजातून. आता तिथला एखादा देणगीदार डोळ्यांसमोर आणा, ज्याने दोघांनाही आयुष्यभर पैसे दिलेत. कॅम्पेनला थेट देणगीची मर्यादा त्या वर्षी प्रायमरीसाठी माणशी २,७०० डॉलर होती त्यामुळे एकेक नाव महत्त्वाचं, आणि दोघांचेही फोन येणार. काहींनी दोघांना दिले, काहींनी जेबचं घराणं बघून (वडील आणि भाऊ दोघंही प्रेसिडेंट होते) त्यांना दिले, काही रुबियोंकडे गेले आणि बऱ्याच जणांनी थांबून बघायचं ठरवलं. इलियाना रोस-लेहटिनेन आणि मारिओ डियाझ-बलार्ट हे मायामीचे क्यूबन-अमेरिकन खासदार, त्यांनी पाठिंबा दिला जेबना, रुबियो स्वतः क्यूबन घरातले असून! जेब बाहेर पडले तेव्हा कुठे ते दोघं रुबियोंकडे आले, पण तेव्हा प्रायमरीला जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि फ्लोरिडात पोस्टाने मतदान कधीच सुरू झालं होतं.

त्यात जेबच्या बाजूचा सुपर पॅक (कॅम्पेनपासून वेगळी, कितीही पैसे जमवू शकणारी संस्था), राइट टू राइज. त्याने २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांतच १० कोटी डॉलरच्या वर जमवले आणि त्यातले कोट्यवधी डॉलर रुबियोंच्या विरोधातल्या जाहिरातींवर गेले. ट्रम्प पोलमध्ये वर होते आणि हे पैसे घरच्याच माणसावर. ऑक्टोबर २०१५ ला बोल्डरच्या डिबेटमध्ये जेबनी रुबियोंना (ते तेव्हा सिनेटर होते) सिनेटमधल्या गैरहजेरीवरून टोकलं तर रुबियो शांतपणे म्हणाले की माझ्यावर हल्ला केला तर तुमचा फायदा होईल असं कोणीतरी तुम्हाला पटवलेलं दिसतंय. जेबकडे त्यावर काही नव्हतं. मला तो क्षण अजूनही बघवत नाही, कारण दोघांपैकी कोणाचाच त्यातून फायदा झाला नाही.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. जेब २० फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीनंतर बाहेर पडले. तिथून फ्लोरिडाच्या प्रायमरीपर्यंत साडेतीन आठवडे त्यांनी रुबियोंसाठी एक शब्द काढला नाही. रुबियो हरून बाहेर पडल्यावर मग २३ मार्चला पाठिंबा दिला, तो टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांना, तेही शर्यतीत होते. फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर रिक स्कॉट निकालापर्यंत गप्प आणि दुसऱ्या दिवशी ट्रम्पबरोबर. राज्याच्या तेव्हाच्या अटर्नी जनरल पॅम बाँडी तर आदल्या दिवशीच ट्रम्पच्या सभेत. ६७ काउंट्यांपैकी रुबियोंना एकच मिळाली, मायामी-डेड. फ्लोरिडात जिंकणाऱ्याला सगळेच्या सगळे ९९ डेलिगेट, त्यामुळे दुसऱ्या नंबरला शून्य. १५ मार्च ही तारीखही राज्याने मुद्दाम निवडली होती, पक्षाच्या नियमाप्रमाणे त्याआधी प्रायमरी घेतली तर डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटावे लागतात, आणि सगळे डेलिगेट एकाला मिळाले तर ते घरच्याच माणसाच्या पदरात पडतील असा बऱ्याच जणांचा हिशेब होता.

प्रश्न (नागपूर) : मग घरच्या दोघांचं जमलं आणि फायदा झाला असं कुठेच झालं नाही का?

झालं ना, त्याच वर्षी, टेक्सासमध्ये. रिक पेरी आणि टेड क्रूझ दोघं टेक्सासचे. पेरी १४ वर्षं गव्हर्नर होते, मान मोठा होता, पण कॅम्पेनच्या खात्यातले पैसे संपले, ऑगस्टमध्ये स्टाफचे पगार थांबले (सुपर पॅककडे पैसे होते पण त्यातून कॅम्पेनच्या स्टाफला पगार देता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). ११ सप्टेंबर २०१५ ला ते बाहेर पडले. मग जानेवारीत, एकही मत पडायच्या आधी, त्यांनी क्रूझना पाठिंबा जाहीर केला. फेब्रुवारीत गव्हर्नर ग्रेग अॅबटही आले. १ मार्चला क्रूझ टेक्सासमध्ये ४३.८ टक्के, ट्रम्प २६.७.

पेरींनी लवकर वाट मोकळी केली आणि गेले ते घरच्याच माणसाकडे. जेबनी उशीर केला आणि घरच्या माणसाकडे पाठ फिरवली. माझ्या मते खरा फरक इथे आहे, लोकप्रियता वगैरे त्यानंतर. ओहायोत जॉन केसिक १५ मार्चलाच ट्रम्पना हरवून सगळे ६६ डेलिगेट घेऊन गेले, ते चालू गव्हर्नर होते आणि ओहायोतून दुसरं कोणी उभंच नव्हतं.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : २०२३ ला डिसँटिस फ्लोरिडात एवढे लोकप्रिय होते, मग तिथलेच खासदार ट्रम्पकडे का पळाले?

ताई, यात दोन वेगळे गट आहेत. फ्लोरिडाच्या विधिमंडळातल्या ११३ रिपब्लिकन आमदारांपैकी ९९ जणांनी उमेदवारी जाहीर होत होती तेव्हाच गव्हर्नर डिसँटिसना पाठिंबा दिला. पण वॉशिंग्टनला गेलेल्या फ्लोरिडाच्या २० रिपब्लिकन खासदारांपैकी निम्म्याहून जास्त जण त्याआधीच ट्रम्पकडे. पक्ष तोच, राज्य तेच, मग असं का? कारण आमदारांच्या मतदारसंघातला रस्ता, कॉलेजची इमारत, पाण्याची योजना हे सगळं गव्हर्नरच्या सहीवर असतं, बजेटमधली एकेक ओळ कापायचा अधिकार तिथे गव्हर्नरला आहे. खासदाराचं गव्हर्नरवाचून काही अडत नाही, त्याला भीती असते ती स्वतःच्या पुढच्या प्रायमरीची, आणि तिथे ट्रम्पचा शब्द चालतो. ट्रम्प २०१९ पासून कागदोपत्री पाम बीचचे रहिवासी, म्हणजे तेही घरचेच झाले होते.

आणि माणसं सांभाळणं हा वेगळाच भाग. खासदार ग्रेग स्टुबी जानेवारी २०२३ ला घराजवळ उंचावरून पडले, आयसीयूत होते. त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं की हॉस्पिटलमध्ये पहिला फोन आला तो ट्रम्पचा, आणि डिसँटिसनी आपल्याशी कधी संपर्कच ठेवला नाही. एप्रिलमध्ये स्टुबींचा पाठिंबा ट्रम्पना. एक फोन हो! पक्षाचं राजकारण असंच चालतं, आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या पुढाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल की अडीअडचणीला कोण आलं हे लोक विसरत नाहीत.

पुढे सप्टेंबरमध्ये फ्लोरिडाच्या पक्षाने एक नियम काढून टाकला, प्रायमरीच्या बॅलटवर यायचं तर पक्षाचा जो उमेदवार होईल त्याला पाठिंबा देईन अशी शपथ द्यायची, असा तो नियम होता आणि तो काढावा हे ट्रम्पच्या बाजूला हवं होतं. नोव्हेंबरमध्ये काही आमदारांनीही बाजू बदलली. मतदान व्हायच्या आधीच राज्यातली पक्षसंघटना हातातून गेली होती. १५ जानेवारी २०२४ ला आयोवातल्या पहिल्या मतदानात ट्रम्प ५१, डिसँटिस २१ टक्के, २१ तारखेला माघार. मार्चमध्ये फ्लोरिडात नाव बॅलटवर राहिलं होतं, गव्हर्नरला स्वतःच्या राज्यात ३.७ टक्के.

प्रश्न (डोंबिवली) : टिम स्कॉटना सिनेटर निकी हेलींनीच केलं ना? मग त्यांनी ट्रम्पना पाठिंबा देणं हा विश्वासघात नाही का? आपल्या वंशाची बाई म्हणून वाईट वाटलं.

वाईट मलाही वाटलं. डिसेंबर २०१२ ला साउथ कॅरोलायनाची सिनेटची एक जागा रिकामी झाली तेव्हा गव्हर्नर हेलींनी स्कॉटना नेमलं, हे खरं. २०२३ ला दोघंही उभे राहिले, स्कॉट नोव्हेंबरमध्ये बाहेर पडले आणि १९ जानेवारी २०२४ ला न्यू हॅम्पशायरमध्ये मतदानाच्या तोंडावर ट्रम्पच्या सभेत जाऊन त्यांना पाठिंबा दिला. निकालाच्या रात्री नॅशुआत स्टेजवर ट्रम्प सगळ्यांसमोर म्हणाले, हेलींनी तुला नेमलं, तू नक्की तिचा द्वेष करत असशील. स्कॉट माइकपाशी आले आणि म्हणाले, मला तुम्ही आवडता, बस. ते बघताना अंगावर काटा आला.

पण विश्वासघात म्हणायला मी कचरतो. नेमणुकीनंतर स्कॉट स्वतःच्या बळावर निवडून येत राहिले, अकरा वर्षांपूर्वीच्या उपकाराची परतफेड म्हणून स्वतःचं राजकारण पणाला लावा असं कोणाला सांगता येत नाही. आणि एकटे स्कॉटच कशाला, हेलींचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले आणि त्या यूएनमध्ये गेल्यावर गव्हर्नर झालेले हेन्री मॅकमास्टर आधीपासून ट्रम्पबरोबर होते, तिथले सिनेटर लिंडसे ग्रॅहमही. बांबर्गसारख्या छोट्या गावातल्या पंजाबी शीख घरातली मुलगी दोनदा गव्हर्नर झाली ती अशा प्रस्थापित पुढाऱ्यांना हरवूनच, २०१० च्या प्रायमरीत मॅकमास्टर स्वतः तिच्याविरुद्ध हरले होते. मित्र तिने तेव्हाच कमी जोडले होते.

तरी २४ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीत ३९.५ टक्के मतं घेतली हो तिने, जवळपास सगळी पक्षसंघटना विरोधात असताना! डेलिगेट मात्र ५० पैकी ३.

प्रश्न (ठाणे) : एकाच राज्यातले दोघं प्रेसिडेंट आणि व्हाइस प्रेसिडेंट होऊ शकतात का?

होऊ शकतात, पण त्या राज्याचे इलेक्टर (राज्याच्या वतीने प्रेसिडेंट आणि व्हाइस प्रेसिडेंट निवडणारे प्रतिनिधी) दोघांपैकी एकालाच मत देऊ शकतात, बाराव्या घटनादुरुस्तीत तसं आहे. २००० ला जॉर्ज बुश (जेबचे भाऊ) टेक्सासचे आणि त्यांचे व्हाइस प्रेसिडेंटचे उमेदवार चेनीही तिथेच राहत होते, म्हणून चेनींनी जुलैमध्ये मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. टेक्सासचे ३२ इलेक्टर होते आणि बुश २७१ वर जिंकले (लागतात २७०), म्हणजे हे किती महत्त्वाचं होतं ते बघा. २०२४ ला रुबियोंचं नाव व्हाइस प्रेसिडेंटसाठी चर्चेत होतं तेव्हाही हीच अडचण सांगितली जायची, फ्लोरिडाचे ३० इलेक्टर.

प्रश्न (टँपा, फ्लोरिडा) : मी नुकताच सिटिझन झालो, नोंदणी करताना कुठलाच पक्ष लिहिला नाही. प्रायमरीत मत देता येईल ना?

फ्लोरिडात नाही येणार. तिथली प्रायमरी क्लोज्ड आहे, पक्षाचं नाव लावलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत, आणि पक्ष बदलायचा किंवा लावायचा तर मतदानाच्या २९ दिवस आधी. साउथ कॅरोलायनात पक्षाची नोंदणीच नसते, तिथे कोणीही कुठल्याही एका प्रायमरीत जाऊ शकतो, २०२४ ला हेलींना मिळालेल्या मतांत असे अपक्ष विचाराचे बरेच लोक होते. फ्लोरिडात त्यांच्यासारख्या उमेदवाराला ही मतं मिळूच शकत नाहीत. प्रेसिडेंटची प्रायमरी तिथे मार्चमध्ये असते त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम व्हायला हवं. तुमच्या काउंटीच्या सुपरवायझर ऑफ इलेक्शन्सच्या साइटवर जाऊन आत्ताच बघून घ्या, ऑनलाइन बदलता येतं, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मत कोणाला द्यायचं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.