१/३५ स्केलच्या टायगर टँकच्या प्लास्टिक मॉडेलवर पितळी फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या) जाळ्या प्लास्टिक सिमेंटने चिकटत नाहीत, मग काय वापरावं?

सुपरग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, आणि तोही जरा घट्ट, जेलसारखा. प्लास्टिक सिमेंट मुळात चिकटवत नाही. ते पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक, विरघळवून दोन भाग एकजीव करतं. पितळ विरघळणार कसं? इंजिनावरच्या जाळ्यांना टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा थेंब कडेला चार ठिकाणी पुरतो. जास्त झाला की जाळीची भोकं बुजतात, आणि ती साफ करणं म्हणजे डोकेदुखी. माझ्या पहिल्या दोन जाळ्या अशाच वाया गेल्या.

चिकटवण्याआधी:
- भाग ज्या पितळी फ्रेममध्ये येतात, ती काचेवर किंवा टाइलवर ठेवून भाग कापा. मऊ मॅटवर पितळ वाकतं.
- भाग फ्रेमला जिथे जोडलेला होता, तिथे उरलेला ठिपका कानशीने घासा.
- वाकवायचा भाग मेणबत्तीवर किंचित तापवून गार होऊ द्या, मऊ पडतो. काजळी मात्र पुसून घ्या.

मडगार्डसारख्या लांब पट्ट्यांना सुपरग्लूवर सोडू नका. तो सांधा ठिसूळ असतो, मॉडेल उचलताना बोट लागलं की निखळतो. पितळाला पितळ जोडायचं असेल तिथे सोल्डरिंगच करा, पण भाग मॉडेलवर बसवण्याआधी, नाहीतर खालचं प्लास्टिक वितळेल.