परभणीहून कोकण, सोबत सासू-सासरे, बजेट कमी : कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय सासरे ७६ चे, सासूबाई ६८ च्या, तुम्ही दोघं अन् ८ वर्षांची पोरगी. मग ट्रॅव्हल्सच्या नादी लागूच नका, मे महिन्यात ते तोंडाला येईल तो रेट सांगतात. सरळ एसटी धरा. ७५ च्या वरच्यांना फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं, बायकांना अर्धं, पोरीचंही अर्धं, म्हणजे फुल तिकीट फक्त तुमच्या मिस्टरांचं! आधार कार्ड ओरिजनल ठेवा, कंडक्टर मागतोच. ४ अन् ७ दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास पण असतो, पण तो काढलाच तर फक्त मिस्टरांचा, बाकीच्यांना अर्ध्यातच परवडतंय ना.

हां, एका दमात एवढा प्रवास म्हाताऱ्यांना झेपायचा नाही, म्हणून देवगिरी एक्स्प्रेस या रेल्वेनं मुंबईपर्यंत झोपून जा अन् पुढं एसटी, असंही करता येईल. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे अन् बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच मोबाईल घेऊन बसा. धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरूनच बांधून न्या, स्टँडवरचा वडापाव पाच जणांना लई महागात पडतो.