ब्रेक हाताने दाबायचा, तर आधी खांदा तपासा

प्रश्न: ताई, अपघातानंतर माझ्या उजव्या पावलाला नीट संवेदना नाही. डावा पाय ठणठणीत आहे. गॅरेजवाले म्हणतात, हाताने चालणारा ब्रेक-ॲक्सिलरेटर लगेच बसवून देतो. बसवू का?

उत्तर: घाई नको. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी म्हणून, मी आधी माणूस तपासते, मग गाडी. पावलाला संवेदना नसेल तर पेडलवर किती जोर पडतोय ते कळत नाही, म्हणून उजव्या पायाच्या भरवशावर राहू नका, हे खरं. पण हाताच्या यंत्रणेत एक हात सतत ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या दांड्यावर राहतो आणि स्टिअरिंग दुसऱ्या एकाच हाताने, बहुधा चाकावर धरायला गोल मूठ बसवून, फिरवावं लागतं. खांदा दुखरा असेल तर लांबच्या प्रवासात तो बोलायला लागतो. करकचून ब्रेक दाबताना कोपर आखडत नाही ना, दांडा गुडघ्याला अडत नाही ना, हे गाडीत बसूनच कळतं.

तुमचा डावा पाय चांगला आहे, म्हणून ऑटोमॅटिक गाडीत डावीकडे ॲक्सिलरेटर बसवण्याचा पर्यायही आहे. त्यात मूळ पेडल झाकायलाच हवं, नाहीतर उजवा पाय नकळत त्यावर पडतो. मात्र वर्षानुवर्षांची सवय मोडायची असते, गडबडीत पाय चुकतो. म्हणून सराव मोकळ्या जागेत, प्रशिक्षकासोबतच.

डोक्याला मार लागला होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लागला असेल तर नजरेचा आवाका आणि प्रतिसादाचा वेगही तपासून घ्या. दोन्ही पद्धती चालवून पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. बदल ठरला की परवाना कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी कळवा.