दंड भरून मोकळं व्हायची घाई नको

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो, तलाठी भरतीची तयारी करतो. उजनी कालव्याची पाळी मिळावी म्हणून एका पक्षानं तहसील कचेरीसमोर धरणं धरलं, त्यात मीही बसलो. घोषणा दिल्या, पण दगड कुणी उचलला नाही. दुपारी पोलिसांनी आम्हा वीस-बावीस जणांना गाडीत घालून ठाण्यात नेलं, नावं-पत्ते घेतले, संध्याकाळी सोडलं. आता व्हॉट्सॲपवर नोटीस आली आहे. वडील म्हणतात, माफीनामा लिहून दे. ओळखीचे हवालदार म्हणतात, कोर्टात गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपला. माझी नोकरी जाईल का?

उत्तर : हवालदारांचा सल्ला प्रेमाचा असेल, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे. कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हणालात आणि शे-पाचशे रुपये भरले, की कायद्याच्या भाषेत तुम्ही दोषी ठरलात. रक्कम किती हे नंतर कुणी विचारत नाही. नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘न्यायालयानं कधी दोषी ठरवलं आहे का’ असा रकाना असतो, आणि तिथं ‘होय’ लिहिण्याची वेळ तुम्ही स्वतःच स्वतःवर आणलेली असते. लोकअदालतीतही असे किरकोळ खटले कबुलीवर झटपट निघतात. बाहेर पडताना पोरं हसत असतात. दोन वर्षांनी तीच पोरं भरतीचा कागद घेऊन माझ्या टेबलासमोर बसतात. माफीनाम्याचंही तेच. ‘चूक झाली, पुन्हा करणार नाही’ हे वाक्य तुम्ही नेमकं काय केलं ते न सांगता सगळंच मान्य करून टाकतं.

आता नोटीस उघडा आणि सर्वात आधी कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. ३५(३) असेल तर संशयित म्हणून, पण अटक न करता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या भाषेत ही ४१-अ ची नोटीस. १६८ असेल तर ती पुढच्या आंदोलनाआधी दिलेली तंबी आहे, ठाण्यात तिला अजून जुन्या कलमावरून ‘१४९ ची नोटीस’च म्हणतात. आणि कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून कागद आला असेल, तर ती चॅप्टर केस. तिथं गुन्ह्याची शिक्षा नसते, शांतता राखण्याचा बाँड मागतात.

३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. नोटिशीप्रमाणे हजर होणाऱ्याला पोलीस सहसा अटक करू शकत नाहीत, करायची झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. गैरहजर राहिलात तर हे संरक्षण आपणच सोडून देता. वकिलाला बरोबर घेऊन जा. जबाब दिलात तरी त्यावर सही करायची नसते, तशी सक्ती कायद्यातच नाही. स्वतःविरुद्ध बोलायला तर राज्यघटनेचं कलम २०(३) कुणालाही भाग पाडू देत नाही.

गुन्हा खरंच दाखल आहे का आणि कोणत्या कलमांनी, हे अजून तुम्हाला माहीत नाही. पोलिसांच्या संकेतस्थळावरून एफआयआरची प्रत काढा. माझा अंदाज, त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(३) (जमावबंदी) आणि १३५ (ती मोडल्याची शिक्षा) असेल, सोबत भारतीय न्याय संहितेचं १८९ (बेकायदेशीर जमाव) आणि २२३ (सरकारी आदेश मोडणं). गाडीत घालून नेणं आणि संध्याकाळी सोडणं हे बहुधा त्याच पोलीस अधिनियमाच्या ६८ आणि ६९ खालचं. जामिनाचे कागद झाले नसतील तर अटक दाखवलेली नसावी, पण स्टेशन डायरीतली नोंद मागून घ्या.

३७(३) चा जमावबंदी आदेश ग्रामीण भागात जिल्हाधिकारी काढतात, सोलापूर शहरात पोलीस आयुक्त. शासनाच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपुढे चालत नाही. व्यवहारात एक पंधरवडा संपला की दुसरा आदेश तयार असतो. सोलापुरात पूनम गेटसमोर धरणं धरून बसणाऱ्यांना हे पाठ आहे. म्हणून धरण्याच्या दिवशीचा आदेश मिळवा. तारीख, गावात तो जाहीर झाला होता का, आयोजकांनी परवानगीचा अर्ज दिला होता का, त्याला उत्तर आलं का. २२३ लावायचं तर आदेश तुम्हाला माहीत होता हे दाखवावं लागतं. शिवाय २२३ ची दखल न्यायालय पोलिसांच्या दोषारोपपत्रावर घेऊ शकत नाही. संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी फिर्याद हवी, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५ सांगतं. सरकारी बाजू इथं वारंवार घसरते. मुदतीकडेही लक्ष ठेवा : नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची फिर्याद किंवा एफआयआर सहा महिन्यांत, वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याची एका वर्षात दाखल झालेली असावी लागते.

शांततेनं आणि विनाशस्त्र जमणं हा राज्यघटनेच्या कलम १९ मधला हक्क आहे. त्यावर वाजवी बंधनं येतात, रस्ता अडवून बसणं हा वेगळा विषय होतो. पण तुमच्यासारखंच प्रकरण बीड जिल्ह्यात घडलं होतं. माजलगावात नागरिकत्व कायद्याविरोधात बसू इच्छिणाऱ्यांना ३७ च्या आदेशावर बोट ठेवून परवानगी नाकारली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो आदेश आणि ती नकाराची चिठ्ठी दोन्ही रद्द केली. एका कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असंही म्हटलं. तहसीलसमोर पाणी मागणं तर त्याहून साधं.

नोकरीचं सांगतो. गुन्हा दाखल झाला म्हणून दार आपोआप बंद होत नाही. दार बंद होतं ते लपवल्यावर. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक बाबीचं उदाहरणच दिलं आहे : तिथं नियुक्ती अधिकारी माहिती दडवल्याकडेही दुर्लक्ष करू शकतो. ‘करू शकतो’, करेलच असं नाही, म्हणून त्या दयेवर जाऊच नका. रकान्यात गुन्हा क्रमांक, कलमं आणि सद्यःस्थिती जशीच्या तशी लिहा. नमुन्यात दाखल गुन्ह्याबद्दल विचारलं आहे की प्रलंबित खटल्याबद्दल, ते नीट वाचा. अनेकांची गफलत तिथंच होते.

एफआयआर रद्द करायचा झाला तर आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आहे. तरी लगेच धावू नका, खर्च मोठा आणि कागद अजून हातात नाहीत. शासन अधूनमधून आंदोलनांचे खटले मागे घेतं, त्यासाठी सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती लागते. पण तुमच्याबरोबरच्या आरोपींत एखादे आजी-माजी आमदार असतील, तर त्यांच्यावरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही आणि त्यांच्यापायी तुमचंही घोंगडं भिजत पडू शकतं.

धरण्याचे व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका, मोबाइलही बदलू नका. हजर व्हायची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. ती उलटून गेली असेल तर उद्याच ठाण्यात जा, ‘नोटीस व्हॉट्सॲपवर उशिरा पाहिली, सहकार्यास तयार आहे, लेखी प्रत द्यावी’ एवढाच दोन ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या.