शस्त्रक्रियेनंतर चिकन अडकतं, काय करू?

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी स्लीव्हची (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं अरुंद करण्याची) शस्त्रक्रिया होऊन ७ आठवडे झाले. अंडं, वरण पचतं. परवा चिकनचे दोन घास खाल्ले, तर छातीत अडकलं आणि फेसाळ लाळ उलटून पडली. मांसाहार सोडू का?

उत्तर : सोडू नका. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, ती चिकन-मासळीतून सहज मिळतात. तुमचं बहुधा कोंबडीच्या छातीच्या कोरड्या मांसानं अडलं असावं. त्याचे धागे नीट चावले नाहीत, तर अरुंद जठरात गोळा होऊन बसतात. आठवडाभर पुन्हा मऊ आहारावर या. मग वाफवलेला पापलेट, काटे काढून, २ चमचे. तो मानवला की चिकनचा खिमा पातळ रश्श्यात मऊ शिजवून घ्या. फ्रिजमधलं चिकन परत गरम केलं की चिवट होतं, ते आत्ता नकोच. घास वाटाण्याएवढा, २५ वेळा चावलेला. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. छातीत दाब जाणवला की तिथंच थांबा, उरलेला घाससुद्धा नाही. मटण तीन महिन्यांनंतर बघू.

पाणीही उलटत असेल, तर वाट न पाहता सर्जनना दाखवा. जठर आकुंचन पावलं असण्याची शक्यता असते.