सोडियम लहान असूनही पोटॅशियम चॅनेलमधून का जात नाही? हे कोणी शोधलं?

पोटॅशियम चॅनेल म्हणजे पेशीच्या पटलातलं प्रथिनाचं छिद्र, ज्यातून पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित अणू) जातात. सोडियम तिथे अडतो तो मावत नाही म्हणून नव्हे, तर भोवतीचं पाणी सोडून आत शिरणं त्याला ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही म्हणून. हे १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने दाखवलं. स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूच्या 'केसीएसए' चॅनेलची रचना त्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राने काढली. चॅनेलच्या सर्वांत अरुंद भागात प्रथिनाच्या कण्यातले ऑक्सिजन अणू अशा बेताने बसलेले असतात, की पोटॅशियमला पाण्याच्या रेणूंच्या जागी तेच आठ ऑक्सिजन मिळतात. पोटॅशियमची त्रिज्या सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), सोडियमची ०.९५, त्यामुळे लहान सोडियमला हे ऑक्सिजन दूर पडतात आणि सोडलेल्या पाण्याची भरपाई होत नाही. इतकी काटेकोर निवड करूनही असं चॅनेल सेकंदाला दहा कोटींच्या घरात आयन सोडू शकतं, हे खरोखर थक्क करणारं आहे. मॅकिनन शिक्षणाने डॉक्टर. स्फटिकशास्त्र त्यांनी चाळिशीच्या आसपास नव्याने शिकून घेतलं आणि २००३ मध्ये पीटर अ‍ॅग्री यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. मात्र केसीएसएला व्होल्टेज ओळखणारा भाग नाही, ते आम्लतेने उघडतं. त्यामुळे चेतापेशीतलं चॅनेल व्होल्टेज बदलताच कसं उघडतं, याचं उत्तर या रचनेत शोधू नका.